कंबर म्हणजे काचेचं भांडं नव्हे

“मॅडम, माझ्या मणक्यात गॅप आलाय.”

नाव-गाव सांगायच्या आधी लोक मला हे सांगतात. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत एक्स-रेचं मोठं पाकीट आणि आवाजात हार. एका तालुक्याच्या गावात मी बावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. कंबरदुखीनं जेवढी माणसं आडवी केली नसतील, तेवढी या एका वाक्यानं केलेली मी पाहिली आहेत. म्हणून माझं भांडण या वाक्याशी आहे. ते बेधडक उच्चारणाऱ्या प्रत्येकाशी आहे, मग तो डॉक्टर असो, माझ्याच धंद्यातला कोणी असो, पट्टे विकणारा दुकानदार असो, नाहीतर काळजीपोटी सल्ला देणाऱ्या शेजारच्या काकू असोत.

गेल्या पावसाळ्यात एकतीस वर्षांची एक बाई आली. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. पाठ काठीसारखी ताठ, दोन्ही तळवे खुर्चीवर रोवलेले, ड्रेसवरून रुंद पट्टा आवळलेला. सोबत सासूबाई आणि त्यांच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा. पोर सारखं आईकडे झेपावत होतं आणि ती नजर दुसरीकडे वळवत होती. आठ महिन्यांपूर्वी पाण्याचा हंडा उचलताना तिच्या कमरेत चमक भरली होती. एक्स-रे निघाला. गॅप आहे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाहीतर ऑपरेशनची वेळ येईल, असं तिला सांगण्यात आलं. चमक तीन आठवड्यांत उतरली, हे तिनंच मला सांगितलं. पण त्या दिवसापासून तिनं मुलाला उचललं नव्हतं. मी तिला जमिनीवर पडलेला टॉवेल उचलून द्यायला सांगितलं. तिनं टेबल धरलं, श्वास रोखला, गुडघे दुमडले आणि अर्ध्यावर थांबून रडायला लागली.

“दुखलं का?” मी विचारलं.

“नाही. पण काही झालं म्हणजे?”

हे ‘काही झालं म्हणजे’ तिच्या डोक्यात कोणी घातलं? हंड्यानं नक्कीच नाही.

ज्या समजुतीतून ते आलं ती नीट मांडून घेऊ. कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या विटा, मधे गाद्या. वापरून वापरून गाद्या झिजतात. एखाद्या दिवशी चुकीचं वाकलं की गादी सरकते आणि नस दबते. हे सगळं फोटोत दिसतं आणि फोटोत दिसलं तेच दुखण्याचं कारण. झिजलेलं भरून येत नाही, म्हणून जन्मभर जपायचं. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, उचलायचं नाही, फळीवर झोपायचं, पट्टा लावायचा. एवढं करूनही दुखलं तर सुई, नाहीतर ऑपरेशन. ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की शंका घ्यायचं कोणाच्या मनात येत नाही. मी एकेक कडी हातात घेते.

पहिली कडी ‘गॅप’. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं. दोन मणक्यांमधली चकती, जिला आपण गादी म्हणतो, ती एक्स-रेत उमटतच नाही. किरण तिच्यातून आरपार जातात आणि तिच्या जागी काळसर फट दिसते. म्हणजे गॅप तुमच्या मणक्यात आहे, माझ्या आहे, तालमीतल्या पैलवानाच्याही आहे, आणि तो असायलाच हवा. वय वाढतं तसं चकतीतलं पाणी कमी होतं, ती थोडी बसते आणि फट अरुंद होते. म्हणजे एक्स-रे पाहणाऱ्याला दिसलेलं असतं ‘गॅप कमी झाला’ आणि पेशंट घरी घेऊन जातो ‘गॅप आला’. ज्या शब्दापायी लोकांनी नोकऱ्या सोडल्या, शेतं वाट्यानं लावली, मुलीचं लग्न जमवताना रिपोर्ट कपाटात दडवले, तो शब्द मुळातच उलटा आहे. एवढं समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आपण माणसाला देत नाही आणि त्याची आठ-आठ वर्षं घेतो. हा कुठला न्याय?

दुसरी कडी झीज. “गॅपचं राहू द्या, पण झीज तर आहे ना?” आहे. केस पिकतात तशी आहे. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यातल्या ५२ टक्के लोकांत निदान एक तरी चकती फुगलेली निघाली आणि २७ टक्क्यांत ती एका बाजूला बाहेर आलेली निघाली. सगळ्या चकत्या धडधाकट असलेले जेमतेम ३६ टक्के होते. २०१५ साली अशाच ३३ अभ्यासांची, तीन हजारांवर निरोगी माणसांची आकडेवारी एकत्र केली गेली. कंबर न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज होती, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. ही सगळी माणसं ठणठणीत होती. आता सांगा, पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या एमआरआयमध्ये झीज दिसली, तर दुखण्याचं कारण सापडलं की त्याचं वय सापडलं?

रिपोर्ट खोटा नसतो. खोटा असतो तो त्यावरून काढलेला अर्थ. दर दहा कंबरदुख्यांपैकी सुमारे नऊ जणांत ‘नेमकं इथून दुखतंय’ असं बोट ठेवून सांगताच येत नाही. हे वैद्यकशास्त्र उघडपणे मान्य करतं. ते पेशंटला सांगायला मात्र आपली जीभ रेटत नाही, कारण ‘माहीत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘एल फोर-एल फाइव्ह’ असे मणक्यांचे नंबर सांगणं वजनदार वाटतं. आणि झीज वजनं उचलून होते, हे तरी कितपत खरं? फिनलंडमध्ये जुळ्या भावांच्या कण्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. एक भाऊ अंगमेहनतीचा, दुसरा बैठ्या कामाचा. तरी दोघांच्या चकत्या बऱ्याच सारख्या निघाल्या. मोठा वाटा होता रक्ताचा, कामाचा वाटा फारच थोडा. हंड्याला दोष देणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

तिसरी कडी ‘गादी सरकली’. चकती वरच्या-खालच्या मणक्याला चिवट तंतूंनी घट्ट बांधलेली असते. पाटावरून साबण निसटावा तशी ती निसटत नाही. होतं ते असं, की कधी तिच्या बाहेरच्या वेढ्याला चीर जाते आणि आतला मऊ भाग बाहेर येतो. तो पायाच्या नसेला भिडला तर नितंबापासून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत कळ उतरते. हीच सायटिका. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी हे दाखवून दिलं आणि तो शोध मोठाच होता. पण त्यानंतर प्रत्येक कंबरदुखीला चकतीचंच कुलूप लावण्याची खोड लागली. बाहेर आलेला तो भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेतं, हे सांगायचं राहून गेलं. २००७ साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीत तीव्र सायटिकाच्या २८३ पेशंटचे दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन झालं. दुसऱ्या गटानं आधी वाट पाहिली आणि ज्यांना गरज पडली त्यांचंच पुढे केलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, हे खरं. पण वर्षअखेर दोन्ही गटांत बरे झालेले ९५ टक्केच होते. म्हणजे बहुतेकांच्या हातात विचार करायला वेळ असतो. मग ‘आत्ता केलं नाही तर पाय जाईल’ ही धमकी कशासाठी?

चौथी कडी आराम. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर साधी चाचणी झाली. ताज्या कंबरदुखीत काहींना दोन दिवस झोपवून ठेवलं, काहींना कमरेचे व्यायाम दिले, काहींना सांगितलं की सोसवेल तेवढी रोजची कामं चालू ठेवा. सगळ्यात चांगले सुधारले ते रोजची कामं करणारे. या गोष्टीला सुमारे तीस वर्षं झाली. आपल्याकडे अजून ‘तीन महिने सक्तीची विश्रांती’ लिहून दिली जाते. तीन महिने पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू वाळतात, झोप बिघडते, हातातलं काम सुटतं. मग पहिल्याच दिवशी उठून तो बादली उचलतो, कमरेत कळ येते आणि त्याला वाटतं, सांगितलं होतं तेच खरं.

पट्ट्याचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट वापरू नयेत अशा उपायांच्या यादीत पट्टे आहेत आणि वजन लावून कंबर ताणणंही आहे. फळीवर झोपण्याचा हट्ट तर कशावर आधारलेला आहे, मला आजवर कळलेलं नाही. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना दोन तऱ्हेच्या गाद्या देऊन पाहिल्या. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. हा अभ्यास २००३ सालचा आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना अजून दिवाणावरची गादी काढून लाकडावर झोपवलं जातं आणि रात्रभर तळमळल्यावर सकाळी विचारलं जातं, “बरं वाटतंय ना?”

“पण मला गुण आला!” हा सगळ्यात चिवट प्रतिवाद. त्याचं उत्तर आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात सापडतं. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला तो पायाळू. त्यानं कमरेला हलकेच पाय लावला की उसण जाते, अशी श्रद्धा. आणि उसण जायचीच. कारण बहुतेक उसण काही दिवसांत, फार तर दोन-चार आठवड्यांत ओसरते. माणूस कळ टिपेला गेली की उपायाला धावतो आणि टिपेनंतर उतारच असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. पायाळूचा पाय गेला, त्या जागी सुई आली, मशीनचा शेक आला, पट्टा आला. २०१४ साली ऑस्ट्रेलियात कंबर धरलेल्या १,६५२ लोकांवर पॅरासिटामॉलची चाचणी झाली. गोळी नेमानं घेणाऱ्यांना बरं व्हायला साधारण १७ दिवस लागले, लागेल तशी घेणाऱ्यांना १७ आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांना १६. पायाळूनं निदान पैसे मागितले नव्हते आणि ‘तुझा कणा मोडकळीला आलाय’ असंही सांगितलं नव्हतं.

इथे माझ्या धंद्यालाही मी सोडणार नाही. दहा दिवस पालथं झोपवून मशीन फिरवायचं, वजन लावायचं, दहा दिवसांनी पुन्हा दहा दिवस. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच केलं. लोक खूश होते, कारण झोपून राहायचं होतं आणि मशीन महागाचं दिसत होतं. त्यांच्या पाठीत ताकद आली नव्हती आणि मनातली धास्ती गेली नव्हती. हे कळल्यावर मी मशीन कोपऱ्यात लोटलं. ज्यांनी अजून लोटलेलं नाही, त्यांना माझा सवाल आहे: पेशंट तुमच्याकडून जाताना जास्त भक्कम होऊन जातो की तुमच्यावर जास्त अवलंबून?

मग कोणी म्हणतं, “म्हणजे दुखणं मनाचं आहे, असं म्हणताय?” हे मी कधीच म्हणत नाही आणि जो म्हणतो त्याच्याशीही माझं भांडण आहे. दुखणं खरं असतं, शंभर टक्के खरं. पण दुखणं म्हणजे मोडतोडीचं मोजमाप नव्हे. ती शरीराची हाकाटी आहे. घरात एकदा चोरी झाली की रात्री मांजरानं भांडं पाडलं तरी घरदार उठून बसतं. कमरेचं तसंच होतं. झोप पुरत नसेल, कर्जाचा घोर असेल, घरात धुसफूस असेल आणि त्यात ‘तुझा कणा नाजूक आहे’ असं ऐकवलं असेल, तर जरा वाकलं तरी आतली राखण करणारी यंत्रणा आरोळी ठोकते. कळ तेवढीच खरी असते, धोका तेवढा नसतो. हे सांगणं म्हणजे माणसाला खोटं ठरवणं नव्हे. त्याच्या दुखण्याकडे फिल्मपेक्षा जास्त लक्ष देणं आहे.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते आणि ती ठासून सांगते, कारण तिथे हयगय म्हणजे गुन्हा. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातला जोर जायला लागला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. पडल्यावर, अपघातानंतर दुखायला लागलं, ताप येतोय, वजन उतरतंय, रात्री झोपेतही कळ थांबत नाही, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, तर तपासणी झालीच पाहिजे. आपल्या देशात मणक्याचा टीबी अजून आहे आणि तो वेळेवर ओळखला तर औषधांनी बरा होतो. तरुण मुलाची कंबर पहाटे आखडते आणि हिंडल्या-फिरल्यावर सुटते, तर तो संधिवाताचा वेगळा प्रकार असू शकतो. एमआरआय यांच्यासाठी आहे. सगळ्यांना फिल्म काढायला पाठवण्याच्या गर्दीत नेमके हेच पेशंट मागे राहतात, हा या सवयीचा दुसरा तोटा.

आणि एका वर्गाची कंबर तर आपण पाहतच नाही. उसाच्या फडात बायांनी पहाटेपासून वाकून तोडणी करायची, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, रात्री खोपीत जाऊन भाकरी थापायच्या. हे महिनोनमहिने चालतं, बाळंतपण झालं तरी चालतं, एक खाडा केला तर उचलीतून पैसे कापले जातात. या बायांनी ‘कंबर दुखते, अंगावरून जातं’ म्हटलं तेव्हा काय केलं गेलं? २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. दुखणं आलं होतं विश्रांतीविना चाललेल्या राबण्यातून, अर्धपोटी जगण्यातून, आणि कापली गेली पिशवी. ‘दुखतंय ना, मग एखादा भाग बिघडला असणार’ या समजुतीचं याहून भयंकर टोक मला माहीत नाही. पाठ ओझं पेलते, पण ओझ्याच्या मधे तिला झोप, अन्न आणि सुट्टी लागते. कोणाला चालायला लावायचं आणि कोणाला विसावा मिळवून द्यायचा, हे फिल्म सांगत नाही. त्यासाठी माणसाला विचारावं लागतं, “दिवसभर काय करता, ताई?”

२०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. इतक्या यंत्रांनंतर, इतक्या सुयांनंतर ही वाढ. मग चुकतंय कुठे, हे विचारायला नको? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं १९९७ पासून टीव्हीवर साधा संदेश दिला: कंबर दुखली म्हणून अंथरूण धरू नका, हिंडत-फिरत राहा, कामावर राहा. तेवढ्यानं लोकांच्याच नव्हे, डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि कंबरदुखीपायी भरपाईचे दावे घटले. त्याच देशात २०२४ साली दाखवून दिलं गेलं, की कंबरदुखीतून उठलेल्यांनी हळूहळू वाढवत चालणं ठेवलं आणि थोडं समजून घेतलं, तर दुखणं पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस लागतात. काहीच न करणाऱ्यांत ते ११२ दिवसांत उलटतं. चालायला ना पट्टा लागतो ना मशीन. गावाबाहेरचा रस्ता पुरतो.

त्या बाईला मी पहिल्या दिवशी तिच्याच एक्स-रेतली काळी फट दाखवली आणि शेजारी माझ्या स्वतःच्या एक्स-रेतली दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली. दुसऱ्या आठवड्यात ती टॉवेल उचलत होती. तिसऱ्यात पाच लिटरचा तेलाचा डबा, पाचव्यात दहा किलो गव्हाची पिशवी. मधे दोनदा कंबर दुखली, ती घाबरून आली, मी पाहिलं, वजन थोडं कमी केलं, थांबवलं नाही. सातव्या आठवड्यात तिनं कोणालाही न विचारता मुलाला सासूबाईंच्या कडेवरून घेतलं, दारातून बाहेर गेली आणि रिक्षापर्यंत चालत गेली. पट्टा माझ्या टेबलावरच राहिला.

तिचा एक्स-रे आज पुन्हा काढला तर तसाच निघेल. तोच मणका, तीच फट, तोच रिपोर्ट. म्हणूनच मी म्हणते, कंबर फिल्मवर बरी होत नाही. ती वाकून, उचलून, चालून, झोपून आणि निर्धास्त होऊन बरी होते. तुमचा कणा काचेचा नाही. हाड, तंतू, स्नायू यांची ती जिवंत बांधणी आहे, वापरलं की बळकट होणारी. यापुढे कोणी ‘गॅप आहे, वाकू नका’ म्हणालं, तर त्यांना एवढंच विचारा: डॉक्टर, माझ्यात धोक्याचं काही लक्षण आहे का? नसेल, तर मला वाकायला शिकवा.